आधी वसरी मोजा, मग लेन्स घ्या

«सप्रेम नमस्कार. माझे सासर गोव्यात, डिचोली तालुक्यात. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरातले सगळे जमतात, गेल्या वर्षी आम्ही २२ जण होतो. आजेसासूबाई ८७ वर्षांच्या आहेत. फोटो मोबाइलवरच काढतो. वसरीतल्या (ओसरीतल्या) फोटोत कडेचे दोघे-तिघे फुगल्यासारखे दिसतात आणि माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या मांडवाखाली, काढलेल्या फोटोत सगळ्यांचे चेहरे पुसट येतात. यंदा कॅमेरा घ्यायचाच असे ठरवून ९० हजार बाजूला ठेवले आहेत. बंगळूरला असणारे धाकटे दीर म्हणतात, घ्यायचा तर फुल फ्रेम घ्या आणि ८५ मि.मी.ची लेन्स घ्या, पोर्ट्रेटला तीच लागते. म्हापशाला एका दुकानात दोन लेन्सचा सेट दाखवला. मी शाळेत शिकवते, कॅमेऱ्यातले मला फारसे कळत नाही. काय घेऊ?» – एक वाचक, डिचोली

ताई, नमस्कार.

दुकानात पुन्हा जाण्याआधी घरातली टेप काढा आणि तीन मापे घ्या. वसरीची लांबी, वसरीच्या कडेपासून तुळशीवृंदावनापर्यंतचे अंगण, आणि गणपती बसतो त्या चौकीत गणपतीच्या भिंतीपासून समोरच्या दारापर्यंतचे अंतर. ही तीन मापे कागदावर उतरली की तुमचा निम्मा निर्णय झाला. घरचा ग्रुप फोटो काढणारा माणूस बहुतेक वेळा जागेला अडतो, कॅमेऱ्याला अडण्याची वेळ फार पुढे येते. आपली जुनी घरे ऐसपैस वाटतात खरी, पण २२ माणसे उभी करून मागे सरकायला लागा, चौथ्या पावलाला पाठ भिंतीला टेकते.

तुम्ही शिकवता, म्हणजे हे गणित तुम्हाला जड जाणार नाही. फोटोत जेवढी रुंदी मावते ती अशी काढायची: तुमच्यापासून माणसांपर्यंतचे अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी पट्टी. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मि.मी. रुंद असतो. दुकानदार ज्याला क्रॉप सेन्सर किंवा एपीएस-सी म्हणतात तो सुमारे २३.५ मि.मी., कॅननचा जरा कमी, २२.३. आता माणसे मांडून बघा. २२ जण तीन रांगांत म्हणजे एका रांगेत सात-आठ. एकेक खांदा थोडा दुसऱ्याच्या मागे घेतला की माणशी अर्धा मीटर पुरतो. चार मीटर झाले. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर मोकळे सोडा, पाच झाले. ही पाच मीटरची रुंदी फोटोत बसवायची आहे.

दिरांची ८५ ची लेन्स फुल फ्रेमवर लावली तर त्यासाठी जवळजवळ १२ मीटर मागे जावे लागेल. तीच लेन्स क्रॉप सेन्सरवर लावली तर १८ मीटर. तुमचे अंगण किती मोठे आहे मला ठाऊक नाही, पण डिचोलीकडची बरीच घरे मी पाहिली आहेत. १२ मीटर म्हणजे तुळस ओलांडून, कुंपणाबाहेर, कदाचित रस्त्याच्या पलीकडे. उलट क्रॉप सेन्सरवर २४ मि.मी. लावले तर पाच मीटरवरून काम होते, फुल फ्रेमवर ३५ लावले तरी तेवढ्याच अंतरावरून. पाच मीटर बहुतेक अंगणांत सापडतात.

दीर चुकीचे बोललेले नाहीत. ८५ ची लेन्स एकट्या माणसाच्या चेहऱ्याला फार सुंदर असते, आणि ज्याने एकदा वापरली त्याला तिचे वेड लागते. मलाही होते. वीसेक वर्षांपूर्वी पेडण्याला एका घरी सहा जणांचा फोटो काढायचा होता. पुढे खुर्च्यांवर आजोबा-आजी आणि थोरली सून, मागे तिघे मुलगे उभे. माझ्याकडे नवी ८५ होती, एफ/१.८ ची (एफचा आकडा जेवढा लहान तेवढे लेन्सचे तोंड मोठे उघडते आणि स्वच्छ दिसणारा पट्टा अरुंद होतो), आणि मागची पोफळीची बाग धूसर करायची मला हौस. अंतर पाच मीटर. त्या अंतरावर एफ/१.८ ला स्वच्छ दिसणारा पट्टा साधारण ३७ सेंटीमीटरचा, म्हणजे हातभरही नाही. दोन रांगांत अंतर होते पाऊण मीटर. आजोबांच्या कपाळावरचे गंध रेघेरेघेने स्पष्ट आले आणि मागचे तिघेही मऊ, पुसट आले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते लक्षात आले नाही. त्या घरच्यांनी तो फोटो मोठा करून दर्शनी भिंतीला लावला. कोणी मला एका शब्दाने बोलले नाही, पण त्या घरी गेलो की माझी नजर आधी त्या थोरल्या मुलाच्या डोळ्यांवर जाते. ते डोळे मी परत आणू शकत नाही. तेव्हापासून ग्रुप फोटोला मी एफ/५.६ च्या खाली आलेलो नाही. तीन रांगा असतील तर सरळ एफ/८.

यातूनच तुमचे बरेच पैसे वाचतात. लेन्स महाग होते ती मुख्यतः तिचे तोंड मोठे उघडते म्हणून, एफ/१.४ किंवा एफ/१.८ पर्यंत. ग्रुप फोटोत ते तोंड आपण स्वतःहून लहान करून एफ/८ वर आणणार. एफ/८ वर कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी किट लेन्स आणि तिच्या पाचपट किमतीची लेन्स यांच्या फोटोंत जो फरक पडतो, तो भिंतीवर लावलेल्या फ्रेममध्ये तुमच्या घरातल्या कोणालाच दिसणार नाही. क्रॉप सेन्सरवर २४ मि.मी., एफ/८ आणि पाच मीटर एवढे धरले तर दोन मीटरपासून पार मागच्या दारापर्यंत सगळे स्वच्छ येते. तिन्ही रांगा, मागचे खांब, दारावरचे तोरण, सगळे. म्हणून २२ जणांच्या फोटोसाठी १६-५० किंवा १८-४५ ची जी किट लेन्स मिळते, तीच ठेवा. तिला कमी लेखू नका.

मोबाइलच्या फोटोत कडेची माणसे का फुगतात तेही इथेच सांगतो, कारण नव्या कॅमेऱ्यातही ते होऊ शकते. मोबाइलची मुख्य लेन्स फुल फ्रेमच्या हिशेबाने साधारण २४ ते २६ मि.मी. असते, आणि ०.५ चे बटण दाबले की त्याहून कितीतरी रुंद होते. रुंद लेन्स फोटोच्या कडेला असलेली गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते. डोके गोल असते, म्हणून ते ताणले जाते. त्यावर उपाय म्हणजे मागे सरका आणि दोन्ही कडांना मोकळी जागा ठेवा. लहान मुलांना टोकाला उभे करू नका, त्यांचे चेहरे सगळ्यात आधी वेडेवाकडे दिसतात. टोकाला सडपातळ तरुण मंडळी ठेवा.

आता आजींचा एकट्यांचा फोटो. पैसे खरे खर्चायचे ते इथे. क्रॉप सेन्सरवर ५० मि.मी. एफ/१.८ ही लेन्स घ्या. ती फुल फ्रेमच्या ७५-८० सारखी वागते, म्हणजे दिरांना जे हवे ते तुम्हाला निम्म्याहून कमी खर्चात मिळते. दोन मीटरवर उभे राहा, कॅमेरा उभा धरा, कंबरेपासून डोक्यावरच्या थोड्या जागेपर्यंत आजी बसतील. दोन मीटर हे अंतर मुद्दाम सांगतो. चेहऱ्याची ठेवण अंतराने बदलते, लेन्सने नाही. फूट-दीड फुटावरून काढलेल्या फोटोत नाक मोठे होते, कान मागे जातात आणि माणूस स्वतःसारखा दिसत नाही. दोन मीटरवरून तो घरच्यांना जसा रोज दिसतो तसा दिसतो. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे तोंड, मात्र एफ/२.८ ठेवा. सव्वा मीटरवर जाऊन एफ/१.८ ला काढलात तर स्वच्छ पट्टा चारच सेंटीमीटर उरतो. नथ टोकदार येते आणि डोळे हरवतात.

कॅमेऱ्याच्या बॉडीविषयी मी थोडक्यातच सांगणार आहे, कारण आज बाजारातल्या कुठल्याही नावाजलेल्या कंपनीची मधल्या पट्ट्यातली बॉडी तुम्हाला पुरून उरेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० गुणिले ४००० ठिपक्यांचा असतो. इंचाला ३०० ठिपके या छपाईच्या चांगल्या हिशेबाने तो २० गुणिले १३ इंचांपर्यंत जातो. लग्नाच्या अल्बमचे मोठे पान १२ गुणिले १८ असते, तेही त्यात सहज येते. ४५ मेगापिक्सेलसाठी पैसे मोजू नका. एक गोष्ट मात्र मागून घ्या: माणसाचा डोळा ओळखून त्यावर आपोआप फोकस धरणारी सोय. लहान पोरे आणि जाड चष्म्याची आजी यांच्या बाबतीत ती सोय फार कामाला येते. सोनी ए६४००, कॅनन आर१०, निकॉन झेड५०-२ या तिन्हींत ती चांगली आहे. हे तिन्ही क्रॉप सेन्सरचे. तिघांच्याही बॉडीत हात हलल्याची थरथर सांभाळणारी यंत्रणा नाही, पण त्यांच्या किट लेन्समध्ये ती असते. शिवाय ती यंत्रणा तुमच्या हाताची थरथर सांभाळते, धावणाऱ्या पोराला स्थिर करत नाही. त्यासाठी शटर १/२५० हवे, म्हणजे ते सेकंदाचा अडीचशेवा भागच उघडे राहायला हवे.

फुल फ्रेम का नको? तुमच्या ९० हजारांत फुल फ्रेम बॉडी आली तर लेन्सला, फ्लॅशला आणि ट्रायपॉडला काही उरणार नाही. ग्रुप फोटोत एफ/८ वर तिचा फायदा फारसा दिसतही नाही. नव्या बॉडीने बजेट ओलांडत असेल तर एक पिढी जुनी किंवा जपून वापरलेली बॉडी घ्या, पण ५० ची लेन्स आणि फ्लॅश यादीतून काढू नका.

दुकानदाराच्या सेटमधली दुसरी, २०० किंवा २५० मि.मी.पर्यंत जाणारी लेन्स शिगम्याच्या मिरवणुकीला किंवा देवळाच्या जत्रेत पालखी टिपायला बरी. तुमच्या कामाला ती लागत नाही. ती वगळून तेवढ्या पैशात ५० मिळते का, असे सरळ विचारा.

जुने सामान घेणार असाल तर दोन खोडे मला आधी सांगायला हवेत, कारण त्यांत माणसे दरवर्षी अडकतात. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत लेन्स फिरवणारी मोटर नसते. त्यावर ‘५० मि.मी. एफ/१.८ डी’ ही जुनी, स्वस्त लेन्स लावली तर फोकस हातानेच करावा लागतो. नावात एएफ-एस असेल ती घ्या. दुसरे, कॅनन २००डी-२ या बॉडीच्या फ्लॅशच्या खाचेत मधला संपर्कबिंदू दिलेलाच नाही, त्यामुळे इतर कंपन्यांचे साधे मॅन्युअल फ्लॅश तिच्यावर पेटत नाहीत. म्हणून कुठलीही बॉडी घ्या, दुकानातच फ्लॅश लावून चार वेळा पेटवून बघा. वापरलेली लेन्स असेल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून काचेतून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा.

फ्लॅशविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण यावर जे व्हिडिओ आणि लेख मिळतात ते आपल्या घरांना लागू पडत नाहीत. सगळे सांगतात, फ्लॅशचे तोंड छताकडे करा, छतावरून प्रकाश मऊ होऊन खाली येतो. ते पांढऱ्या सपाट स्लॅबच्या घरात. आपल्याकडे वर कौले, काळपट वासे आणि पंधरा-वीस फुटांची उंची. फ्लॅशचा प्रकाश वर जातो आणि तिथेच हरवतो, खाली चेहरे काळवंडलेलेच. बाजूच्या भिंतीवर मारायचा तर भिंत निळी किंवा पिवळी, मग आजींचा चेहराही निळा किंवा पिवळा. मी काय करतो, तर पांढरीशुभ्र चादर, बिनफुलांची, घडीच्या रेघा नसलेली, बाजूच्या भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीत बांधतो आणि फ्लॅशचे तोंड तिच्याकडे वळवतो. खिडकीतून उजेड यावा तसा प्रकाश एका बाजूने येतो. मंडळी सुरुवातीला विचारतात हे काय चाललेय, फोटो पाहिल्यावर नाही विचारत.

माटोळीखालच्या फोटोचा प्रश्न प्रकाशाइतकाच जागेचाही आहे. समजा तुम्हाला मागे सरकून गणपतीसमोरच्या माणसांपासून तीन मीटर मिळाले. त्यात पाच मीटर रुंदीचे २२ जण बसवायचे तर १४ मि.मी. लेन्स लागेल आणि सगळे कडेचे चेहरे ताणले जातील. तो हट्ट सोडा. २२ जण वसरीवर घ्या आणि माटोळीखाली एकेका भावाचे कुटुंब, पाच-सहा जण. तीन मीटरवरून १८ मि.मी. ला जवळजवळ चार मीटर रुंदी आणि २.६ मीटर उंची मिळते. म्हणजे वरचे नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, तोरिंजन सगळे फोटोत येतात. माणसे मधल्या भागात ठेवा. कॅमेरा वर तिरपा करू नका, नाहीतर खांब आत कलंडतात. तो सरळ धरून ट्रायपॉड उंच करा.

तिथे आणखी एक घोळ असतो. समईचा उजेड पिवळा, ट्यूबचा पांढरा-निळसर आणि वर रंगीत माळा. कॅमेऱ्याला कुठला रंग खरा मानावा ते कळत नाही आणि कातडीचा रंग बिघडतो. फोटोपुरती ट्यूब बंद करा. माळा राहू द्या, समई राहू द्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर फार वेगात ठेवले तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आत काढताना १/१०० ठेवा, पट्टे जातात.

वसरीवर मात्र फ्लॅश लागणारही नाही. चवथीच्या दिवसांत आभाळ भरलेले असते, आणि भरलेले आभाळ म्हणजे फोटोला मिळालेला सगळ्यात मोठा, सगळ्यात मऊ दिवा. माणसांना वसरीच्या आत, भिंतीशी नेऊ नका. पागोळ्या पडतात त्या रेषेच्या हातभर आत, कडेशी बसवा. उजेड समोरून चेहऱ्यावर येतो, डोळ्यांत आभाळाचा एक ठिपका चमकतो. अंगण लाल मातीचे असेल तर तो लाल रंग हनुवटीखाली चढतो, आणि हिरवळ असेल तर हिरवा. समोर जमिनीवर एक पांढरी चादर अंथरली की तो जातो. एफ/८, शटर १/१२५, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा) ५०० ते ८०० यांच्या आसपास सुरुवात करा. पाऊस लागला तर माणसे तिथेच राहतात, कॅमेऱ्यावर तेवढी मोठी छत्री धरायला पुतण्याला उभे करा.

डोळे मिटण्याची तक्रार तुम्ही लिहिलेली नाही, पण २२ जणांत ती येणारच. यावर ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी चक्क गणित मांडले आणि त्यांना २००६ साली गणिताचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे गमतीदार पारितोषिक, मिळाले. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागायचे, कमी उजेडात दोनने, तितके फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची खात्री धरता येते. तुमचे २२ आहेत, तुम्ही बारा-पंधरा काढा. ‘झालं, झालं’ म्हणत मंडळी उठायला लागतील. त्यांना आधीच सांगून ठेवा की मी म्हणेपर्यंत कोणी हलायचे नाही.

आजींच्या फोटोसाठी चवथीची वाट पाहू नका. त्या दिवशी त्यांच्या मागे शंभर व्यवधाने असतात, आल्यागेल्याला विचारणे, नैवेद्य, नेवऱ्या नीट तळल्या का ते बघणे. एखाद्या साध्या दुपारी, जेवणानंतरची वामकुक्षी झाली की, त्या रोज जिथे बसतात तिथेच बसू द्या. तुमच्या घरात शिंपल्यांच्या तावदानांची जुनी खिडकी असेल तर तिच्याजवळ, खिडकी त्यांच्या एका बाजूला येईल अशी. त्या शिंपल्यांतून जो दुधाळ उजेड येतो त्याच्या तोडीचा दिवा मी आजवर विकत घेऊ शकलेलो नाही. ट्यूब बंद, फ्लॅश नको, ५० मि.मी., एफ/२.८. पदर नीट करा म्हणून त्यांना सारखे सांगू नका. अबोलीची फाती माळायची त्यांना सवय असेल तर ती मात्र आठवणीने आणा. आणि चेहऱ्याचे फोटो झाले की एक हातांचा काढा. मांडीवर एकमेकांत ठेवलेले हात, बांगड्या, बोटांच्या सांध्यांवरच्या गाठी. घरच्यांनी फोटो मागितले की सगळे चेहराच मागतात, पण अल्बम चाळताना माणसे हातांच्या फोटोवर थांबतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

सामान घरी आल्यावर त्याला पावसापासून जपा. आपल्या हवेत लेन्सला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. कॅमेरा कपाटात, चामड्याच्या पिशवीत घालून ठेवायचा नाही, चामडे ओल धरून ठेवते. माझी एक जुनी लेन्स मी तशीच गमावली. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर ठेवा. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून परत टाकायच्या. महिन्यातून दोनदा कॅमेरा बाहेर काढून वापरा, वापरातली लेन्स सहसा बिघडत नाही. आणि एसी गाडीतून उतरलात की कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. काचेवर दव धरते. पिशवी बंद ठेवून अर्धा तास थांबा.

शेवटचे सामान ट्रायपॉड. तो हलका, डुगडुगता घेऊ नका. त्या २२ जणांच्या फोटोत तुम्ही स्वतः असता असे तुमच्या पत्रात कुठे दिसले नाही, आणि गेली कित्येक वर्षे मोबाइल तुमच्याच हातात असणार असा माझा अंदाज आहे. रांगा लावताना तुमची जागा सगळ्यात आधी ठरवा, दुसऱ्या रांगेचे अंगणाकडचे टोक, म्हणजे कोणाला न उठवता पोहोचता येईल. तिथे एखादी खुर्ची किंवा पुतणी उभी करून फोकस धरा आणि तो हाताच्या फोकसवर बदलून कायम ठेवा. सेल्फ टायमर १० सेकंदांचा. निकॉन आणि कॅननच्या बऱ्याच बॉडींत एका टायमरवर ओळीने अनेक फोटो घेण्याची सोय असते, ती चालू करा. पहिल्या फोटोत तुम्ही धापा टाकत असाल, तिसऱ्या-चौथ्यात बसला असाल. दिरांकडे फोनवरून शटर दाबायचे अ‍ॅप असेल तर ते काम त्यांच्याकडे द्या, त्यांनाही कॅमेऱ्याची आवड आहेच.

मापे घेतलीत की तिन्ही मला कळवा. वसरी, अंगण आणि चौकी, मीटरमध्ये. कॅमेरा नक्की करण्याआधी किट लेन्सच्या कुठल्या आकड्यावर कुठे उभे राहायचे ते मी आकृती काढून पाठवतो.